सुई उचलायची जागा

आमच्या लायनीत दिवसा मोठ्याने बोलायची सोय नव्हती. परदेशीपुऱ्यातली गिरणी मजुरांच्या खोल्यांची ती लाइन, दोन घरांत मिळून एक भिंत, आणि आमच्या भिंतीपलीकडे नामदेवकाका झोपलेले असायचे. काका विणाई खात्यात, कायम रातपाळीला. सकाळचा भोंगा झाला की केसांत कापसाचे तुस घेऊन घरी यायचे, चहात पाव बुडवून खायचे आणि आडवे व्हायचे ते थेट दिवेलागणीपर्यंत. त्यांची बायको मालूकाकू दारात तांदूळ निवडत बसायची आणि तिथूनच अख्ख्या लायनीवर पहारा ठेवायची. कुणाचं भांडं पडलं, पोरगं रडलं, शेव-कुरमुरे विकणारा सेव-परमलवाला ओरडला, की काकूचं बोट लगेच ओठांवर. "ए भिया, धीरे. काका सो रहे हैं." सेव-परमलवाला बिचारा आमच्या लायनीत आला की मुका व्हायचा, नुसता टोपली दाखवत फिरायचा. मी सत्तरीची झाले तरी अजून कुकरचं झाकण दोन्ही हातांनी, आवाज न करता ठेवते. या फ्लॅटमध्ये माझ्याशिवाय कुणी नाही, पण सवय काही जात नाही.

आमच्या घरात दोनच माणसं. आई मी चार वर्षांची असताना गेली, तिच्या आठवणी म्हणून सांगण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही. वडिलांना मी दादा म्हणायचे. आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते, दादा तिथल्याच पलटणीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. पेन्शन घेऊन ते इंदूरला आले आणि लग्नाच्या बँडमध्ये लागले. पलटणीत मोजून पावलं टाकणारा माणूस, त्याला आता घोड्यापुढे नाचणाऱ्या वऱ्हाडासाठी वाजवायचं होतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. तसे ते कशाबद्दलच फारसं बोलायचे नाहीत. सीझन लागला की आज सांवेर, उद्या देपालपूर, परवा आणखी कुठे, असे चार-चार दिवस बाहेर. मी शाळेतून यायची, एका वाटीची डाळ शिजवायची, दोन पोळ्या टाकायची आणि भिंतीकडे तोंड करून जेवायची. भिंतीपलीकडे काकांचं घोरणं ऐकू यायचं नाही, याचं तेव्हा मला नवल वाटायचं. एवढा दमलेला माणूस आणि घोरत कसा नाही. दादा परत आले की पिशवीतून कागदाची पुडी निघायची, लग्नातली नुकती, म्हणजे गोड बुंदी, आणि सेव, एकमेकांत मिसळलेली. ती गोड-तिखट चव म्हणजे दादा घरी आले. आज मिठाईच्या दुकानात दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत घेते आणि घरी येऊन मिसळते. दुकानदार हसतो, हसू दे.

मी ट्रम्पेट शिकले याचं कारण एवढंच की घरात दुसरं काही नव्हतं. आठ वर्षांची असताना दादांनी मला पहिल्यांदा नुसता माउथपीस दिला, आणि पुढे वर्षभर नुसता माउथपीसच. ही त्यांची फौजी रीत. त्यानंतर बाजा हातात दिला, जुना, पितळ काळवंडलेलं, बटणांना शिलाई मशीनचं तेल लावलेलं. आणि त्याच दिवशी कर्ण्यात फडका कोंबला. माझ्या शाळेच्या जुन्या निळ्या स्कर्टचा फडका, घडी घालून, असा घट्ट की आवाज शेजारच्या खोलीत खोकल्याएवढाच जावा. "काका झोपलेत," दादा म्हणाले. बस, तेव्हापासून तो फडका तिथेच. बाजा पुसायचा तर बाहेरून पुसायचा, फडक्याभोवतीनं. धुवायला मात्र वर्षातून एकदा काढायचा, तोही दिवाळीला, आणि वाळला की लगेच परत. आठ वर्षं मी अशी वाजवत होते. दादांचा उघडा बाजा मी मिरवणुकीत ऐकला होता, तो गल्लीच्या टोकापासून छातीत लागायचा. पण माझा आवाज म्हणजे कुणी चादरीच्या आतून गातंय, असा होता. आणि मला तोच माझा आवाज वाटायचा.

रेकॉर्ड महूहून आली. साहेबांच्या मेसमधलं जुनं सामान काढत होते, तेव्हा तिथल्या हवालदारानं दादांना बोलावून एक मोडका रेकॉर्ड प्लेअर आणि एक रेकॉर्ड दिली. म्हणाला, "ले जाओ मास्टर, बाजेवाले की है. इस पे तो साहब लोग नाच भी नहीं सके." कव्हर अर्धं फाटलेलं. उरलेल्या अर्ध्यात एक हात आणि ट्रम्पेटची तीन बटणं. मधल्या गोल कागदावर मेसवाल्यांनी आपल्या नंबरची चिठ्ठी डकवलेली, त्यामुळे वाजवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, काही नाही. एक बाजू उन्हात वाकून गेली होती, तीवर सुई उड्या मारायची. दुसऱ्या बाजूवर चार तुकडे होते. आम्ही तीनच ऐकायचो. तिसरा संपत आला की दादा उठून उभे राहायचे, आणि शेवटचा सूर विझायच्या आत हलक्या हातानं सुई उचलायचे. "पुढे घासलेली आहे," ते म्हणायचे. "सुई खराब होते." सुई मिळणं तेव्हा महाग आणि मुश्किल, म्हणून मी एकटी असतानाही त्याच जागी उचलायचे. हात आपोआप जायचा.

त्या तीन तुकड्यांनी दादांना फार सतावलं. पलटणीचा माणूस, त्याला मोजता आलं पाहिजे. रेकॉर्ड लागली की ते मांडीवर बोट आपटत मोजायला बसायचे, एक-दो-तीन-चार, आणि दुसऱ्या मिनिटाला हरवायचे. "हा ढोलवाला ताल देतच नाहीए," ते वैतागून म्हणायचे, "हा गप्पा मारतोय." पियानोवाला सूर द्यायचा तोही असा की बसावं की उभं राहावं कळू नये. आणि बाजेवाला. तो उशिरा यायचा, दोन सूर टाकायचा, थांबायचा, बाकीचे पुढे निघून जायचे, आणि हा मागे एकटाच काहीतरी आठवत असल्यासारखा. त्याचा आवाज दबलेला होता. दादा म्हणाले, "कर्ण्यात काहीतरी घातलंय यानं." मला ते ऐकून किती बरं वाटलं ते काय सांगू. मतलब याच्याही भिंतीपलीकडे कुणी रातपाळीचं झोपलंय. याच्याही दारात कुणी काकू तांदूळ निवडत बसली आहे. मी हे दादांना सांगितलं, तेव्हा त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. विचार केला आणि म्हणाले, "असणार. नाहीतर इतका चांगला वाजवणारा माणूस तोंड का दाबेल?" आम्ही दोघांनी ते खरं धरलं. ती माझी सोबत होती, दुसरं कुणी नव्हतंच. सीझनमध्ये दादा बाहेर असले की मी रेकॉर्ड लावायची, फडका घातलेला बाजा ओठाला लावायची आणि त्याच्याबरोबर हळूच वाजवायची. वाटायचं, कुठल्या तरी लांबच्या शहरात तो आणि इथे मी, दोघंही दुसऱ्याची झोप सांभाळत वाजवतोय.

मी सतरा वर्षांची असताना दादांचा वरचा पुढचा दात हलायला लागला. ट्रम्पेटवाल्याचा तो दात म्हणजे सगळंच, ओठ त्याच्यावर टेकतो. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण पोळी दुधात बुडवून खायला लागले, आणि मी काय समजायचं ते समजले. मार्चमध्ये दात पडला. आणि एप्रिलात जयंती होती. आमच्या वस्तीत जयंती म्हटलं की एकच, कुणाची ते विचारावं लागत नाही. त्या सकाळी मिरवणूक निघायच्या आधी सगळे गप्प उभे राहायचे आणि दादा एकटे, ढोल नाही, ताशा नाही, त्रिसरणाची चाल ट्रम्पेटवर वाजवायचे. त्यासाठी ते कधी कुणाचं पान-सुपारीही घेत नसत. ती चाल वाजली की झेंडा उचलायचा, ही वस्तीची रीत. बँडमधला दुसरा ट्रम्पेटवाला देवासच्या बुकिंगवर गेलेला. कमिटीचे लोक घरी आले, तेव्हा दादांनी हाताची ओंजळ तोंडापुढे धरून, दात झाकत सांगितलं, "शालू वाजवेल." त्यातला एक जण चुळबुळला, मुलीच्या जातीनं बाजा वगैरे. दादा म्हणाले, "त्या दिवशीही मुलीला मागे उभं करणार असाल, तर मिरवणूक कशाला काढता?" एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मला काय हवं होतं ते स्पष्टच सांगते. लोकांनी मला ऐकावं. आठ वर्षं मी भिंतीसमोर वाजवत होते, आणि दादांखेरीज मी वाजवते हे कुणाला धड माहीतही नव्हतं. एकदा, एका सकाळी, सगळ्या वस्तीनं मान वळवून म्हणावं, ही मास्टरची पोरगी. तीन आठवडे मी ती चाल घोटली. दादा समोर बसून डोळे मिटून ऐकायचे, श्वास कुठे घ्यायचा ते बोटानं दाखवायचे. "घाई नको. त्या रेकॉर्डवाल्यासारखं थांब. लोकांना वाट बघू दे." काकू दारातून बोट ओठांवर ठेवायची, पण हसत. मी पांढरं पातळ नेसून आरशापुढे उभी राहिले ती सकाळ मला अजून दिसते. सकाळी पोहे पुढे केले तेही गेले नव्हते. दादांनी फौजी कोट चढवला आणि बाजा स्वतः पुसून माझ्या हातात दिला. काकू म्हणाली, "एकदम जंची, बेटा. शोभतेस."

चौकात निळे झेंडे, निळ्या पताका, पांढऱ्या पातळांच्या बायका रांगेत. ऊन अजून चढलं नव्हतं. मला पुढे बोलावलं. सगळे गप्प झाले, अगदी पोरंसुद्धा. मी डोळे मिटले, ओठ लावले आणि वाजवायला सुरुवात केली. खरं सांगते, मी आयुष्यात तसं पुन्हा कधी वाजवलं नाही. एक सूर फुटला नाही. दादांनी सांगितलं तिथे थांबले, सांगितलं तिथे श्वास घेतला. पण दुसऱ्या ओळीत मागून कुजबुज सुरू झाली. मग कुणीतरी म्हणालं, "चालू झालं का?" एक लेकरू रडलं आणि त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. तिसऱ्या ओळीला मागच्या ढोलवाल्याला वाटलं की झालं, त्यानं टिपरू हाणलं, ताशा लागला, घोषणा उठल्या, झेंडा वर गेला आणि अख्खी मिरवणूक माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत पुढे निघाली. मी मधोमध उभी, ओठाला बाजा, वाजवतेच आहे. शेवटची ओळ मी पूर्ण केली. कुणासाठी, ते माहीत नाही.

तेवढ्यात गर्दीतून नामदेवकाका आले. रातपाळी करून तसेच आलेले, डोळे लाल, केसांत तुस. दिवसाउजेडी मी त्यांना इतक्या जवळून पहिल्यांदा बघत होते. त्यांचा चेहरा कौतुकानं फुलला होता. म्हणाले, "वा बेटा. अगदी भिंतीतून येतं, तसंच आलं."

"तुम्हाला भिंतीतून ऐकू येतं?" मी विचारलं.

"रोजच. मला दिवसा झोप कुठे लागते? पडल्या पडल्या तेच तर ऐकतो. काकूला सांगू नको बरं, ती बिचारी दारात बसते."

मी हातातला बाजा वळवून पाहिला. कर्ण्यात निळा फडका होता. घरातून निघाले, चौकात उभी राहिले, शेकडो माणसांसमोर वाजवलं, आणि फडका काढायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि बघणाऱ्यांनी काय म्हणावं? निळा दिवस, निळा फडका. नंतर बायकांनी मला सांगितलं, आम्हाला वाटलं जयंतीसाठी हौसेनं सजवलाय. काकांच्या डोळ्यांत मात्र अजून तेच कौतुक होतं. त्यांच्या पाया पडले आणि गर्दी उलटी कापत घरी आले. दार लावून रडले, तेही हळू. आवाज करायची सवयच नव्हती.

दादा दुपारी आले. म्हणाले, "चाल बरोबर वाजवलीस." फडक्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. पुढच्या वर्षी दुसरा ट्रम्पेटवाला गावातच होता. मग मला दफ्तरात नोकरी लागली, मी बाजा कपाटावर ठेवला. लग्न केलं नाही. त्याच्यामागे काही मोठी कहाणी नाही, नाही केलं बस. बऱ्याच वर्षांनी, दादा आजारी पडून माझ्याकडे होते, तेव्हा एकदा मी त्यांना विचारून टाकलं. बाजा तुम्ही स्वतः पुसून दिलात दादा, दोन पावलांवर उभे होतात, तुम्हाला फडका दिसला नाही? "दिसला ना," म्हणाले. "दिसला, पण खटकला नाही. तुझा बाजा तसाच असतो, असंच वाटलं." मग तोंड भिंतीकडे केलं. मी त्यांच्या पायांवर पांघरूण घातलं आणि वरणाला फोडणी द्यायला उठले.

एवढं सगळं मी कधी लिहायला घेतलं नसतं. पण माझ्या चुलतभावाची नात रेवा भंवरकुआंला कोचिंगसाठी होस्टेलवर राहते आणि रविवारी माझ्याकडे जेवायला येते. मागच्या महिन्यात भांडी आवरताना मी काहीतरी गुणगुणत होते. ती म्हणाली, "आजी, हे कुठलं गाणं आहे? फोनमध्ये गाऊन दाखव, मिल जाएगा." मी म्हटलं, काहीही. पण गायले. दोनदा भलतंच काही निघालं, तिसऱ्यांदा तोच दबलेला बाजा खोलीत वाजायला लागला. माझे हात साबणाचे, तसेच राहिले. रेवानं वाचून दाखवलं, बाजेवाल्याचं नाव, सगळ्यांची नावं, आणि हे की या तऱ्हेच्या जॅझला पोस्ट-बॉप म्हणतात. हे ऐकायला दादा हवे होते. विचारलं असतं, ठीक आहे, पण यात सम कुठे? आम्ही बसून ऐकलं. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा. तिसरा विझत आला तसा माझा हात उठला आणि टेबलावरच्या फोनकडे गेला.

"आजी, काय करतेस? अभी एक बाकी है," रेवा म्हणाली.

आणि चौथा सुरू झाला. उघडा. पहिल्याच सुराला खिडकीची काच थरथरली असं मला वाटलं. तोच माणूस, तोच थांबायचा, तोच उशिरा यायचा, पण कर्ण्यात काही नाही, छातीभर वाजवत होता, जसा माझा बाप गल्लीच्या टोकावरून वाजवायचा. म्हणजे त्याच्या शेजारी कुणी झोपलेलं नव्हतंच. त्याला हवं तेव्हा तो दाबून वाजवायचा, हवं तेव्हा उघडा. मी उठून कपाटातून जुनी रेकॉर्ड काढली आणि उजेडात तिरपी धरली. तीन तुकड्यांच्या रेघा घासून पांढुरक्या झालेल्या. चौथ्याचा पट्टा काळाभोर, नवा कोरा, त्यावर एक ओरखडा नाही. काकांची झोपमोड नको म्हणून एवढीशी थाप मारली होती दादांनी, आणि मी ती जन्मभर पाळली. मला राग आला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, म्हणोत बापडे. मला आला, आणि त्याच्या पाठोपाठ इतकं रडू आलं की रेवा घाबरली. न झोपणाऱ्या माणसाच्या झोपेसाठी आम्ही बाप-लेकीनं तोंड दाबून घेतलं होतं.

बाजा कपाटावर होता. रेवानं स्टुलावर चढून काढला. फडका आत वाळून लाकडासारखा झालेला, बोटांनी येईना. शेवटी सांडशी आणली, तिनं बाजा धरला आणि मी ओढला. हिरवा पडला होता, पितळाच्या गंजानं. बटणं घट्ट, ओठ सैल, एक दात कवळीचा. तरी उभी राहिले आणि फुंकले. सूर कसला, सांवेर नाक्यावर जुनी बस मागे घेतात तसा आवाज निघाला. पण तो या खोलीतून बाहेर गेला, जिन्यात गेला, खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. रेवा कानावर हात ठेवून हसत होती.

दोन मिनिटांत बेल वाजली. शेजारचा मुलगा, परदेशातल्या कंपनीचं काम रात्री करतो, दिवसा झोपतो. दोन वर्षं मी त्याच्यासाठी घरात चपला काढून चालतेय. केस विस्कटलेले, डोळे लाल. "आंटीजी, सब ठीक है? वो आवाज…"

"मेरी थी बेटा," मी म्हटलं. "अभी थोड़ी देर और आएगी. फिर सो जाना."

तो बिचारा मान हलवून गेला. मी दार लावून आत आले, तर रेवा फडका चिमटीत धरून उभी. "आजी, हा परत घालायचा का आत?" मी तो तिच्या हातातून घेतला आणि बाथरूममधल्या बादलीत, बाकीच्या कपड्यांबरोबर भिजत टाकला.